नीटनंतर भूगोल घ्यावा का?

केज तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय. बारावी विज्ञान झाली, दोन वर्षं लातूरला राहून नीटची तयारी केली, मार्क हवे तेवढे पडले नाहीत आणि रिपीट करायची आता इच्छा नाही. शाळेत भूगोल आवडायचा, नकाशा समोर आला की वेळ कसा जातो कळत नाही, म्हणून भूगोलात पदवी करावी असं तिच्या मनात आहे. घरचे म्हणतात, "भूगोल घेऊन काय, शाळेत मास्तरीण होणार?" तिचे प्रश्न चार आहेत: भूगोल मला मानवेल का हे कसं ओळखू, बीए करू की बीएस्सी, घराजवळ शिकू की पुण्याला जाऊ, आणि दहावीनंतर गणित सोडलंय ते नडेल का.

मी मराठवाड्यातल्याच एका महाविद्यालयात बऱ्याच वर्षांपासून भूगोल शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच, कधी एकटं, कधी वडिलांना सोबत घेऊन. त्यांच्याशी जे बोलतो तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न नीट लावून घेऊ. तुला भूगोल आवडतो हे तू शाळेच्या अनुभवावरून म्हणतेस. दहावीला भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून शिकवलं, ते पुस्तक मला स्वतःला आवडतं. पण त्यावरून पदवीच्या भूगोलाचा अंदाज येत नाही. तिथं उत्तरं तयार होती, तू ती लक्षात ठेवलीस आणि मार्क मिळवलेस. म्हणजे तुझी अडचण अशी आहे की जो विषय अजून हाताळलेलाच नाही, तो पुरेल का हे प्रवेशाआधी ठरवायचंय. आणि त्याच्या पोटात एक न विचारलेला प्रश्न आहे: भूगोल हवा आहे, की डॉक्टरकी हुकली म्हणून काहीतरी हवं आहे? दोन्ही एकदम खरं असू शकतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्याकडं येणारी बरीच मुलं दुसरीकडून वळूनच आलेली असतात. त्यातली काही पहिल्या सहा महिन्यांत विषयात मुरतात, काही तीन वर्षं वही पूर्ण करत राहतात. हा फरक बारावीच्या मार्कांवरून मला कधी ओळखता आला नाही.

तुझ्याच ओळखीचं उदाहरण घेतो. लातूरला राहिलीस, तेव्हा नळाला रोज पाणी येत नाही हे तू बघितलं असशील. ते पाणी तुझ्या तालुक्यातून जातं, धनेगावच्या मांजरा धरणातून. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. हा प्रसंग अभियंत्यासमोर ठेव, तो साठा, गाळ आणि जलवाहिनी बघेल. अर्थशास्त्रवाला टँकरचा दर आणि उसाचा भाव बघेल. भूगोलवाल्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो असा: हे इथंच का झालं?

मग तो मागं मागं जातो. मांजरा उगम पावते पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. सह्याद्रीवर बराचसा ओलावा सांडून आलेले वारे इथपर्यंत कोरडे झालेले असतात, म्हणून आष्टी-पाटोद्याचा पट्टा पर्जन्यछायेत. पूर्वेला सरकत किनवट-माहूरकडे गेलं की पाऊस वाढतो, सागाचं जंगल लागतं. म्हणजे धरणाचं पाणलोट क्षेत्र नेमकं कमी पावसाच्या बाजूला पसरलेलं आहे. त्या साठ्यावर अवलंबून असलेलं शहर मात्र बाजारपेठ आणि शिक्षणामुळं फुगत गेलं. २०११ च्या जनगणनेत लातूरची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती. मधल्या पट्ट्यात ऊस. ऊस का, तर कारखाना जवळ आहे, भाव बऱ्यापैकी ठरलेला आहे, आणि सोयाबीनसारखी काढणीच्या पावसात सगळं जाण्याची भीती नाही. शेतकऱ्याचा हिशेब त्याच्या बाजूनं चुकीचा नसतो. हे सगळे नकाशे, पावसाचा, उताराचा, मातीचा, पिकाचा, वस्तीचा, एकावर एक ठेवले की २०१६ चा उन्हाळा नुसत्या कमी पावसानं आलेला नाही हे दिसायला लागतं.

हे वाचताना तुला पुढचे प्रश्न सुचत असतील तर चांगली खूण आहे. "एवढं सगळं कशाला, पाऊस पडला नाही म्हणून आटलं" असं वाटत असेल तर तेही प्रामाणिक आहे, पण मग तीन वर्षं जड जातील.

आता पदवीला काय असतं ते. भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, सागरविज्ञान, मानवी भूगोल, लोकसंख्या, वसाहती, आर्थिक भूगोल, प्रादेशिक नियोजन, सुदूर संवेदन (उपग्रहाच्या प्रतिमांवरून जमिनीचा अभ्यास) आणि जीआयएस (संगणकावर नकाशे बनवणं आणि तपासणं). शिवाय दर वर्षी प्रात्यक्षिकं: समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, छेद काढणं, नकाशा प्रक्षेपणं (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायच्या पद्धती), समतल फलक आणि होकायंत्रानं सर्वेक्षण, सांख्यिकी, आणि शेवटी कुठल्या तरी गावाचा अभ्यास करून अहवाल. विद्यापीठागणिक नावं आणि क्रम बदलतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळं मेजर-मायनरची रचना आली आहे, तिचे बारकावे त्या त्या महाविद्यालयातच विचारावेत.

नुसती यादी वाचून काही कळत नाही, म्हणून आत काय चालतं ते सांगतो. वाल्टर क्रिस्टालर नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३३ साली एक सिद्धांत मांडला. बाजाराची गावं जमिनीवर कशीही विखुरलेली नसतात. लहान बाजार जवळजवळ, मोठे लांब लांब, अशी त्यांची षटकोनी जाळी बनते. पुस्तकात हे वाचून मुलं पाठ करतात आणि विसरतात. मी त्यांना आपल्या भागातले आठवडी बाजार नकाशावर मांडायला लावतो, वारासकट. शेजारशेजारच्या गावांचे बाजार सहसा वेगवेगळ्या वारी भरतात, म्हणजे तोच बांगडीवाला, तोच भांडीवाला आठवडाभर फिरत राहतो. मग बघायचं की षटकोन कुठं जुळतो आणि कुठं मोडतो. बालाघाटाच्या कड्यापाशी मोडतो, कारण सिद्धांत सपाट मैदान धरून चालतो. मोठ्या रस्त्यालगत मोडतो. कारखान्याजवळ मोडतो. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर सेलू, परभणी, पूर्णा या पेठा जशा बसल्या, तसं परळी सोडली तर बीड जिल्ह्यात झालं नाही, कारण तिथं रेल्वे यायला फार उशीर लागला. सिद्धांत कुठं चुकतो हे शोधताना मुलांना तो पहिल्यांदा समजतो.

आकड्यांचंही तसंच. मुलं जनगणनेची पुस्तिका उघडतात आणि गावाची लोकसंख्या उतरवून घेतात. २०११ ची शिरगणती झाली फेब्रुवारीत. फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतले लोक कुठं असतात हे तुला सांगायला नको. दसऱ्यानंतर मुकादमाच्या गाडीत बसून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, गेलेले असतात, ते गाळप संपल्यावर परततात. गणनेच्या पूर्ण काळात जो माणूस गावाबाहेर असतो त्याची नोंद जिथं सापडेल तिथं करायची, अशी पद्धत आहे. मग तुझ्या गावचा आकडा हा नेमका कुणाचा आकडा? हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला सुचायला वेळ लागतो. आपल्या मुलांना लगेच सुचतो, फक्त तो परीक्षेच्या पेपरात लिहायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि मुलींबद्दल थोडं, कारण तुझ्या घरून हा मुद्दा निघणारच: मुलीला रानोमाळ कशाला फिरवायचं? क्षेत्रकार्याला आम्ही गटानं जातो, शिक्षक सोबत असतात, मुक्कामाची व्यवस्था आधी ठरलेली असते. ते झालं व्यवस्थेचं. अभ्यासाच्या बाजूनं बोलायचं तर पाण्याच्या सर्वेक्षणात मला मुलींची माहिती जास्त खरी मिळालेली आहे. मुलगा दारात गेला की घरचा पुरुष बाहेर येऊन उत्तर देतो, "पाण्याचा काही त्रास नाही." मुलगी आत जाते, आणि आतून कळतं की पहाटे चारला उठून नंबर लावावा लागतो.

बरं, आता परीक्षा. प्रवेशाला अजून थोडे दिवस असतील. एक काम कर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे, ज्यांना आम्ही सगळे टोपोशीटच म्हणतो, ते नोंदणी करून फुकट उतरवून घेता येतात. केज, नेकनूर, मांजरसुंबा हा भाग ज्यांत येतो ती शीट घे. मोबाइलवर बघू नकोस, मोठ्या कागदावर छापून घे.

केजहून बीडला जाताना मांजरसुंब्याचा घाट तू कितीदा तरी उतरली असशील. बसमध्ये तो नुसती वळणं असतो. नकाशावर तिथं समोच्च रेषा एकमेकींना खेटून आलेल्या दिसतील. निळ्या पेन्सिलीनं ओढे रंगव. कुठले ओढे दक्षिणेला मांजरेकडं जातात, कुठले घाट उतरून उत्तरेला बिंदुसरेकडं जातात ते बघ आणि दोन्हींच्या मधून रेघ ओढ. ती जलविभाजक रेषा. रेषेच्या उत्तरेला पडलेलं पाणी बिंदुसरा, मग सिंदफणा असं करत माजलगाव तालुक्यात गोदावरीला मिळतं. दक्षिणेला पडलेलं मांजरेतून लातूर, बीदर असा लांबचा वळसा घेऊन तेलंगणाच्या हद्दीवर त्याच गोदावरीला मिळतं. रेषा एका बैठकीत जमणार नाही. खोडून पुन्हा काढावी लागेल.

त्यानंतर गावात निघ. पंधरा-वीस विहिरी आणि बोअर निवड, आणि मालकाला विचार: किती खोल, पाणी कितीवर लागलं, कुठल्या महिन्यात आटतं, खोदताना मुरूम किती आणि काळा पाषाण कितीवर लागला. सगळं नकाशावर मांड. पाणाड्यानं नारळ फिरवून दाखवलेल्या जागांना वेगळी खूण कर. त्या गोष्टी लोक हौसेनं सांगतात, कोरडे गेलेले बोअर मात्र दोनदा विचारावे लागतात. तुला दिसेल की एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन विहिरी, एकीला एप्रिलपर्यंत पाणी आणि दुसरी दिवाळीतच तळाला. आपल्याखाली जो बेसॉल्ट आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. झिजलेला, भेगाळलेला, सच्छिद्र थर पाणी धरतो आणि अखंड काळा पाषाण धरत नाही. हे थर सगळीकडं सारख्या जाडीचे नाहीत. हे पुस्तकातही आहे, पण तू स्वतः मांडलेल्या वीस ठिपक्यांत ते दिसलं तर वेगळं वाटेल.

हे करून झालं की काय हाती लागलं यापेक्षा तू कशी होतीस ते आठव. पाचव्या विहिरीनंतर कंटाळा आला, तो सगळ्यांनाच येतो. पण कंटाळा आल्यावर शेजारच्या गावातही असंच असेल का हे बघावंसं वाटलं का? दोन माणसांनी उलटसुलट सांगितलं तेव्हा चिडलीस, की तिसऱ्याला विचारायला गेलीस? नकाशा सुबक दिसावा म्हणून एखादा नडणारा ठिपका गाळावासा वाटला का? या तीन प्रश्नांची उत्तरं तुला कुठल्याही समुपदेशकापेक्षा जास्त सांगतील.

भूगोल कुणी घेऊ नये हेही सांगून टाकतो. राजधान्या, नद्यांची लांबी, सर्वांत उंच, सर्वांत खोल, हे पाठ असण्याचा आनंद ज्यांना आहे त्यांनी प्रश्नमंजूषेत भाग घ्यावा. पदवीला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. प्रत्येक प्रश्नाला एकच पक्कं उत्तर लागणाऱ्यांना मानवी भूगोल छळतो. लिहिण्याचा कंटाळा असेल तर अहवाल छळतात. आणि खरी ओढ खडकाचीच असेल तर भूशास्त्र घ्यावं, पिकांची असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचा रस्ता आहे, ढगांची असेल तर भौतिकशास्त्र सोडू नये. भूगोल या सगळ्यांच्या मधल्या जागेत उभा आहे. ज्यांना कुठल्याच एका कोपऱ्यात बसायचं नाही त्यांना तो मानवतो, आणि ज्यांना एक कोपरा पुरेपूर खणायचा आहे त्यांना तो उथळ वाटतो. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीनं याच कारणासाठी दुसऱ्या वर्षी विषय बदलला. बरोबर केलं तिनं.

इथवरचं थोडक्यात: शाळेतल्या आवडीवर विसंबू नकोस, नकाशा आणि विहिरींचं काम करून बघ, आणि काम करताना प्रश्न वाढत गेले तर पुढचं वाच. नाही वाढले तर पुढच्या मजकुराची तुला गरज नाही.

पोटापाण्याचं बोलू. घरच्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. नुसती भूगोलाची पदवी दारात नोकरी आणत नाही. शाळेत शिकवायचं तर बीएड, मग टीईटी, अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल, आणि जागा निघण्याची वाट. खासगी संस्थेत लागायचं तर आणखी काय लागतं ते आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. महाविद्यालयात शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट, आणि त्यानंतरही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारी माणसं माझ्याच विभागात बसलेली आहेत. त्यांची ही अवस्था बघून मी कुणालाही "प्राध्यापक हो" असं सहज सांगत नाही.

स्पर्धा परीक्षेत भूगोल उपयोगी आहे, हे खरंय. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तो वैकल्पिक विषय घेता येतो, प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर, आणि सामान्य अध्ययनातही त्याचा वाटा मोठा. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तिथंही वैकल्पिक विषय आले. पण केवळ एमपीएससीसाठी भूगोल घेणाऱ्यांना पदवीची प्रात्यक्षिकं अडगळ वाटतात आणि ते दोन्हीकडं अर्धवट राहतात. परीक्षा हा एक फायदा समज, कारण समजू नकोस.

मला स्वतःला आशा वाटते ती जीआयएसच्या बाजूनं. पाणलोट, पीकविमा, मालमत्ता कर, रस्ते, आपत्ती व्यवस्थापन, सगळीकडं आता नकाशा संगणकावर बनतो, आणि तो बनवणारी माणसं लागतात. गावठाणांच्या ड्रोन मोजणीची स्वामित्व योजना २०२० पासून सुरू आहे, ती तुझ्या गावातही येऊन गेली असेल. काम मुख्यतः पुणे आणि हैदराबादकडं मिळतं, आणि हैदराबाद आपल्याला पुण्यापेक्षा परकं नाही. सुरुवातीचं काम कंटाळवाणं असतं, दिवसभर उपग्रह प्रतिमेवर घरांच्या आणि शेतांच्या कडा गिरवत बसायचं. ज्यांना थोडं प्रोग्रॅमिंग येतं ते त्यातून लवकर वर निघतात. ज्यांना फक्त बटणं माहीत असतात ते तिथंच राहतात. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही विनाशुल्क असतात. पहिल्या वर्षापासूनच हे सुरू कर, तिसऱ्या वर्षी अभ्यासक्रमात येईपर्यंत थांबू नकोस.

दुसरी वाट पाणी आणि ग्रामविकासाच्या संस्थांची. अंबाजोगाईचं मानवलोक तुझ्या जवळच आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, पदवीनंतर तिकडंही जाता येतं. या क्षेत्रात पगार बेताचा असतो, पण काम शिकायला मिळतं.

एक गोष्ट मात्र प्रवेश घेण्याआधीच बघून ठेव. नावावरून भूगोलाच्या वाटणाऱ्या सगळ्या सरकारी जागा भूगोलाच्या नसतात. भूमी अभिलेख विभागाच्या भूकरमापक भरतीत स्थापत्यची पदविका किंवा आयटीआयचा सर्व्हेअर मागितला होता. भूजल सर्वेक्षणात भूशास्त्राच्या लोकांना जागा. हवामान खात्यात भौतिकशास्त्र. जुन्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. माझ्याही नाही.

बीए की बीएस्सी? मराठवाड्यात भूगोल बहुतेक ठिकाणी कला शाखेत आहे, बीएस्सीला मोजक्या महाविद्यालयांत. भूगोलाचे पेपर दोन्हीकडं बरेचसे सारखे असतात, फरक पडतो तो सोबतच्या विषयांनी. तू विज्ञानाची आहेस, तेव्हा भूशास्त्र, संख्याशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा संगणकाबरोबर भूगोल मिळत असेल तर बीएस्सी घे. तसं जवळपास नसेल तर बीए घेऊन अर्थशास्त्र जोडीला ठेव. "सोपं जातं" म्हणून तिसराच विषय जोडू नकोस. बीए केलं म्हणून खाली उतरलो असं वाटून घेण्याचं कारण नाही, पण काही जाहिरातींत विज्ञान पदवी मागतात हेही खरं आहे, म्हणून मिळत असेल तर बीएस्सी म्हणतोय.

पुण्याचं उत्तर घरच्या परिस्थितीवर आहे. तिथं ग्रंथालयं आहेत, चांगले विभाग आहेत, सोबतची मुलं पुढं जाणारी असतात. खर्चही आहे, आणि लातूरची दोन वर्षं घरानं आधीच सोसली आहेत. माझा कल असा: पदवी इकडंच कर आणि पदव्युत्तर शिक्षणाला बाहेर पड, पुणे, हैदराबाद, दिल्ली, जिथं मिळेल तिथं. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आहे. पदवीच्या वयात शिकायचं असतं ते जमिनीवर, आणि ती जमीन तुझ्या भोवती आहे. बालाघाटाचा कडा आहे, पैठणचा नाथसागर आहे. किल्लारी-सास्तूरचा पट्टा आहे, जिथं ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावंच्या गावं नव्या जागी बसवली, घराचा आकार जमिनीच्या धारणेवरून ठरवला, आणि रुंद सरळ रस्त्यांची ती गावं लोकांनी नंतर आपल्या सोयीनं वाकवून घेतली. वसाहत भूगोलाचं याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. वसतिगृहाची जागा पक्की असेल आणि घरची ओढाताण होणार नसेल तर पुण्याला खुशाल जा, माझं काही म्हणणं नाही. आणि जवळचं बघताना एवढं ध्यानात ठेव की बीड जिल्हा संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली येतो आणि लातूर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाखाली. अंतर थोडं असलं तरी अभ्यासक्रम वेगळा.

"इकडंच कर" याला एक अट आहे. महाविद्यालय नावावरून निवडू नकोस, प्रयोगशाळा उघडायला लाव. टोपोशीट कपाटात कुलूपबंद आहेत की टेबलावर, संगणक चालू होतात का, त्यांत क्यूजीआयएस आहे का ते बघ. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार, यंदा क्षेत्रकार्याला कुठं गेला होतात? "महाबळेश्वर, मस्त मजा आली" असं उत्तर आलं तर ती सहल होती. एखाद्या गावाचं नाव आलं आणि पाठोपाठ तक्रारी आल्या, ऊन फार होतं, सरांनी पन्नास घरं फिरवली, तर तो विभाग चांगला आहे. प्रात्यक्षिक वह्या चाळ. सगळ्यांत एकच आलेख, एकच चूक दिसली तर वह्या उतरवलेल्या आहेत. शिक्षक तासिका तत्त्वावरचे आहेत म्हणून नाक मुरडू नकोस, पुष्कळदा तेच जीव तोडून शिकवतात. फक्त वर्षाच्या मध्ये ते सोडून गेले तर विभागाचं काय होतं ते विचार.

माध्यमाचं एवढंच की बीएला मराठीतून लिहिता येतं, पण वाचन इंग्रजीतूनही चालू ठेव, कारण पुढं बाहेर पडायचंय.

घरी बोलताना "मला आवड आहे" एवढ्यावर थांबू नकोस. वडिलांना कागदावर दाखव: आणखी एका रिपीट वर्षाचा क्लास, खोली, मेस मिळून खर्च किती, आणि त्या पैशात पदवीची किती वर्षं होतात. तिसऱ्या वर्षाअखेर तुझ्या हातात पदवीशिवाय काय काय असेल ते लिही. विहिरींचा नकाशा झाला असेल तर तोही पुढं ठेव. शेतकरी माणसाला आपल्या शिवारातल्या पाण्याचा नकाशा दाखवला की बोलणं वेगळ्या दिशेनं जातं, हे मी पुष्कळ वडिलांच्या बाबतीत बघितलंय.

राहिलं गणित. दहावीनंतर सोडलंस म्हणून काही अडणार नाही. पदवीला लागतं ते सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, गुणोत्तर-प्रमाण, आणि सर्वेक्षण नि प्रक्षेपणांसाठी साधी त्रिकोणमिती. पुढं जीआयएसमध्ये खोल जायचं झालं तर जास्त लागेल, ते तेव्हा शिकता येतं. आत्ता दहावीची दोन्ही पुस्तकं माळ्यावरून काढ. भाग १ मधलं सांख्यिकीचं प्रकरण आणि भाग २ मधली त्रिकोणमिती पुन्हा सोडव. उंची-अंतराची उदाहरणं आधी कर, सर्वेक्षणाच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला तीच लागतात.